मारुतीचा झेंडा आणि मंडपाचा ट्रक

आता हे तुम्हाला सांगावं की न सांगावं, असं मला अजूनही होतं. पण तुम्ही आपली माणसं, चहाही तुम्हीच पाजताय, तेव्हा ऐका. फक्त वालूरला कुणाजवळ बोलू नका. तिथे सगळ्यांना आधीच माहीत आहे.

मी ट्रक चालवतो. स्वतःचा आहे. आणि वाऱ्याच्या बाबतीत आपला शब्द म्हणजे शब्द! माल जड असला की वारा फार काही करत नाही. पण उंच आणि हलका माल असेल तर आडवा वारा गाडी केव्हा लोळवील, सांगता येत नाही. हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. त्यांचा नियम सोपा होता. देवळावरचा झेंडा आडवा, तर गाडी उभी. झेंडा लोंबला, की गाडी सुटली.

तर वैशाखातली गोष्ट. पाथरीला माझ्या साडूच्या पोरीचं लग्न होतं. मंडप न्यायचा होता वालूरहून, आणि वालूर म्हणजे आम्हा दोघांचीही सासुरवाडी. संध्याकाळी पाथरीत हळद. त्याच्या आत मंडप उभा राहिला नाही, तर व्याही मंडळी उघड्यावर बसणार आणि पोरीला जन्मभर ऐकवणार. साडूने मोठ्या विश्वासाने काम माझ्यावर टाकलं. इथेच त्याचं चुकलं.

कनाती, कापडाचे गठ्ठे, बांबू असा केबिनच्या वर जाणारा माल भरून झाला आणि दुपारी वावधान सुटलं. काय ती धूळ! समोरचं घर दिसेना. लाईट गेली. मी गाडी सासऱ्यांच्या दारात लावली आणि जाहीर केलं की वारा पडल्याशिवाय चाक हलणार नाही. इथवर मी बरोबर होतो, एवढं ध्यानात ठेवा.

ओसरीवर बाज टाकली. धूळ जरा बसल्यावर तिथून मारुतीच्या देवळाचं शिखर स्वच्छ दिसत होतं. झेंड्याचा नियम मात्र मी कुणाला सांगितला नाही. उस्तादांची विद्या, ती अशी कुणालाही वाटायची नसते.

जेवलो, झेंडा ताठ आडवा. डोळा लागला, उठलो, झेंडा ताठ आडवा. चहा झाला, तरी तसाच. मनात म्हटलं, आज वाऱ्याने हद्द केली!

आता वारा एवढा होता, तर मी घामाने का निथळत होतो? सासूबाई हातपंख्याने मला वारा का घालत होत्या? दारातल्या लिंबाचं एक पान का हलत नव्हतं? हे प्रश्न तुम्हाला पडले असतील. मला पडले नाहीत. एकदा हाताशी नियम असला की माणसाला प्रश्न पडत नाहीत.

मेव्हण्याला पडला. लांबूनच हळू आवाजात म्हणाला, "दाजी, वारा पडल्यावानी वाटायलाय."

"खाली तसंच वाटतं," मी म्हणालो. "खरा वारा वर असतो."

त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. जावयाचा शब्द खाली पडू द्यायची रीत त्या घरात नाही.

मग साडूचे फोन सुरू झाले. प्रत्येक फोनला मी त्याला आडवा वारा म्हणजे काय ते समजावून सांगत होतो. शेवटी ऊन उतरताना तो स्वतःच मोटारसायकलवर आला. डोक्यावरची टोपीसुद्धा जागची हलली नव्हती. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं की नाही?

"कुठाय वारा?" त्याने विचारलं.

मी शांतपणे शिखराकडे बोट केलं. नेमका तेव्हाच एक कावळा आला, त्या आडव्या झेंड्याच्या टोकावर बसला आणि निवांत चोच घासायला लागला.

साडूने आधी कावळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोही जावईच, त्याला बोलायची मुभा होती. "साडूभाऊ," तो म्हणाला, "त्यो झेंडा पत्र्याचा हाय."

मंडपाचं काय झालं ते आधी सांगून टाकतो. हळद उघड्यावर लागली. व्याह्यांनी ऐकवायचं ते ऐकवलं. मंडप दुसऱ्या दिवशी अक्षतांच्या आत कसाबसा उभा राहिला. साडू अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण त्या घटकेला मी भडकलो. म्हटलं, शिखरावर पत्रा कुणी ठोकला? रस्त्याने जाणाऱ्या ड्रायव्हरचा काही विचार? ज्याच्या डोक्यातून हे निघालं, त्याला आधी माझ्यासमोर उभा करा! सासरे खाली मान घालून बसले. मेव्हणा घरात निघून गेला. सासूबाईंनी पंखा बाजूला ठेवला.

"तुमीच की," त्या म्हणाल्या. "मागल्या साली वाऱ्यानं कापडी झेंडा फाटला, तवा तुमीच फोनवर म्हणले, माझ्या नावानं असा बसवा की पुन्यांदा फाटायचं नाव नको."

"मग दुपारपासून बोलला का नाही?"

"काय बोलावं? तुमी दुपारपासून एकटक वर बघायलात. आमाला वाटलं, आपल्या झेंड्याचं कौतुक चाललंय."