गुलाबांना वळसा

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मी दाराशी टाकायला एक अमेरिकन गालिचा निवडला. गोणपाटातून लोकरीच्या चिंध्या आकड्यानं ओढून कुणीतरी फार पूर्वी त्यावर गुलाब फुलवले होते. मी त्यावर चालून बघणार, तोच केसांत मोगरा माळलेल्या एका अनोळखी बाईंनी माझा दंड धरला.

"अय्यो, फुलांवर पाय देणार?" त्यांच्या तंजावरी मराठीला तमिळ हेल होता.

"पायपुसणंच आहे हो ते," मी हसले.

त्या चपला काढून खाली बसल्या, गुलाबांवरून हात फिरवला आणि एकदम खुलल्या. "पाहा, कडा झिजल्यात, फुलं शाबूत. तिकडच्या बायकाही बाजूनंच चालत होत्या!"

गालिचा आता माझ्या दाराशी आहे. मी त्यावरून उडी मारून घरात येते. पाहुणे आधी हसतात, मग तेही उडी मारतात.