गाडीतलं मेळम

लतिका पशुधन पर्यवेक्षक होती. चेर्पच्या आसपासच्या गावांत कुणाची गाय माजावर आली, कुणाची व्यायला अडली, कुणाच्या वासराला हगवण लागली, की पहिला फोन तिला. पांढरी जुनी अल्टो घेऊन ती निघायची. डिकीत गोठवलेल्या बीजाचं वाफाळणारं पिंप, खांद्यापर्यंत येणारे हातमोजे, एक बादली आणि साबणाची वडी. नारळीच्या बागांमधून, कालव्याच्या कडेनं, एका वेळी एकच गाडी जाईल अशा रस्त्यांवरून दिवसभर तिची ये-जा चाले. लग्न तिनं केलं नव्हतं. का नाही, हे विचारणारे विचारून थकले होते. घरी आई, वडील आणि दोन मांजरं. स्वतःची म्हणावी अशी तिची एकच खोली होती, ती म्हणजे ही गाडी.

तिचे वडील शेखर मारार. घराणंच देवळापुढे वाजवणाऱ्यांचं. भाऊबंद चेंडा हा खांद्याला अडकवायचा ढोल वाजवायचे, शेखर मारार झांजा वाजवायचे. मेळमाच्या त्या ताफ्यात पहिल्या रांगेत चेंडे आणि त्यांच्या मधोमध प्रमाणी, म्हणजे साऱ्या मेळमाचा म्होरक्या. त्यांच्याकडे तोंड करून समोर सनया आणि शिंगं. चेंड्यांच्या मागे आणखी चेंडे, आणि सगळ्यांच्या मागे झांजा. लोक प्रमाणीच्या तोंडाकडे बघतात, त्याच्या हाताबरोबर स्वतःचे हात उडवतात. झांजवाल्याकडे बघायला मान उंच करावी लागते, आणि तेवढी तसदी कोण घेतो? शेखर मारार यांनी उभा जन्म त्या मागच्या रांगेत काढला. मग गुडघे गेले. तास तास उभं राहणं संपलं तसं त्यांनी उत्सवाला जाणंच सोडलं. टीव्हीवर मेळम लागलं की ते उठून मागच्या अंगणात जायचे आणि उगाच केळीची सुकलेली पानं तोडत बसायचे.

लतिकेला लहानपणी चेंडा हवा होता. त्या काळी मुलींच्या खांद्याला कोणी चेंडा अडकवत नसे. तिनं शाळेच्या बाकावर बोटांनी पंचारी, मेळमाचा तो सावकाश चढत जाणारा ताल, बडवली, छड्या खाल्ल्या, आणि तो नाद तिथंच राहिला.

एकदा गाडीची काच वर जाईना, म्हणून ती ओल्लूरला वर्कीच्या दुकानात गेली. वर्की साठीचा, पोट सुटलेला, गाड्यांची वायरिंग करणारा माणूस. पण त्याचं खरं वेड निराळं होतं. गाड्यांमध्ये तो असे स्पीकर बसवून द्यायचा की लांब लांबून लोक गाडी घेऊन यायचे. दर उत्सवाला उंच काठीवर दोन माईक बांधून तो स्वतः मेळमं टिपून आणायचा. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून त्यानं लतिकेला दुसऱ्या कुणाच्या तयार गाडीत, एसी लावून, स्टिअरिंगमागे बसवलं आणि लेकीला म्हणावं तसं म्हणाला, "बस मोळे, तोवर हे ऐक."

कानठळ्या बसवणारं काहीतरी असेल, असं तिला वाटलं होतं. लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या जातात ना, काचा थरथरवत, तसं. पण आवाज गाडीत नव्हताच. तो काचेच्या पलीकडे होता. बॉनेटच्या पुढे, जिथे वर्कीच्या दुकानाची भिंत आणि जुन्या टायरांची चळत होती, तिथे माणसं उभी होती. डावीकडून उजवीकडे रांग. मधला एकजण काठी हलकेच टेकवत होता, त्याच्या डाव्या हाताचा माणूस त्याच्याहून केसभर मागे होता. मोजून दाखवता आली असती, इतकी ती माणसं सुटी सुटी होती. लतिकेनं हात पुढे केला. बोटं काचेला लागली तेव्हा ती दचकली.

काच दुरुस्त झाली तरी ती बाहेर येईना. वर्की दार उघडून उभा राहिला. असे चेहरे त्यानं पाहिले होते.

"वर्कीचेट्टा, माझ्या गाडीत होईल हे?" थोरल्या भावाच्या नात्यानं तिनं विचारलं.

वर्कीनं तिच्या अल्टोला एक प्रदक्षिणा घातली, डिकी उघडली, पिंप बघितलं. या पिंपाला धक्का लागता कामा नये, बादली जागची हलता कामा नये, आणि रोज सकाळी गाडी कामावर हजर हवी, असं तिनं बजावलं. वर्की म्हणाला, लोक शोभेची गाडी घेऊन येतात, तिला महिनाभर उघडी ठेवता येते. पोटापाण्याच्या गाडीत हे काम करणं म्हणजे चालत्या माणसाच्या पायातला काटा काढणं. मग म्हणाला, "बघू."

रविवारी चर्चहून आला की वर्की कामाला लागायचा. एका रविवारी एक दार. आतलं आवरण काढून पत्र्याला काळ्या डांबरी चादरी चिकटवल्या. पत्रा स्वतः वाजता कामा नये, नाहीतर तोच अर्धं मेळम खातो, हे वर्कीचं म्हणणं. काम झालेलं दार लावलं की त्याचा आवाज बदललेला असायचा, जड लाकडी पेटीचं झाकण पडावं तसा. लतिका मुद्दाम दोनदा लावून बघायची. स्पीकर घट्ट बसावेत म्हणून वर्कीनं फणसाच्या लाकडाच्या कड्या कातून घेतल्या. खालच्या घुमाऱ्याचा मोठा स्पीकर डिकीच्या कोपऱ्यात, चाकावरच्या पोकळीत, साच्यात ओतल्यासारखा बसवला. पिंपाची जागा तसूभरही गेली नाही. ॲम्प्लिफायर सीटखाली गेले. काचेच्या दोन्ही कडांना, आत, बोराएवढे दोन छोटे स्पीकर बसले. झांजांचा आवाज तिथून यायचा.

दुपारी वर्कीची बायको उकडलेल्या कंदाचा कप्पा आणि मासळीचं कालवण पुढे करायची. लतिका हात धुऊन बसायची आणि वर्कीचं बोलणं ऐकायची. उजवा स्पीकर गुडघ्यापाशी, डावा हात लांब करूनही लागत नाही. जवळचा आवाज आधी पोचतो, म्हणून सगळं मेळम उजव्या दाराला चिकटून बसतं. तेव्हा जवळच्याला किंचित थांबवायचं. किती? डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहूनही कितीतरी कमी. चालवणाऱ्याच्या कानापाशी माईक लावून, लॅपटॉपवर रेषा बघत, पुन्हा पुन्हा ऐकत वर्की ते जुळवत राहिला. एका दुपारी, दोन्ही बाजूंचा आवाज एकाच क्षणी पोचला आणि दाराला चिकटलेली माणसं उठून बॉनेटपलीकडे जाऊन उभी राहिली. वर्कीनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि कामाला लागला.

घरी मात्र चेष्टाच होती. आई म्हणायची, पोरीचं लग्न नाही झालं म्हणून गाडीला दागिने घालते आहे. शेखर मारार पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मेळम डब्यात भरायला ते काय लोणचं आहे?"

पण गाडी पुरी झाल्यावर ती त्यांना गुडघे दाखवायला इस्पितळात घेऊन गेली, आणि परतताना देवळाच्या मोकळ्या मैदानात आंब्याखाली गाडी उभी केली. भर दुपार. मैदानावर एक शेळी तेवढी होती.

"अच्छन, इकडे येऊन बसा," ती वडिलांना म्हणाली.

"चालवायला?"

"बसायला."

हे सगळं एकाच जागेसाठी जुळवलेलं, आणि ती जागा चालवणाऱ्याची. शेखर मारार आयुष्यात सायकलच्या पुढे गेले नव्हते. बापलेकीनं मिळून त्यांचे गुडघे एकेक करून आत घेतले. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं. गाडी आपोआप निघणार तर नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं. लतिका मागच्या सीटवर बसली. तिनं त्यांच्याच देवळातलं मेळम लावलं, ते मागच्या रांगेत उभे होते त्या काळातलं.

पंचारीची सुरुवात संथ असते. एकेक ठोका पुढच्या ठोक्याची वाट बघत पडतो. वडील ताल धरतील, असं लतिकेला वाटलं होतं. पण त्यांचे हात स्टिअरिंगवरून हलले नाहीत. हललं ते अंग. ते हळूच डावीकडे कलले, मग उजवीकडे, मान लांब करून, कुणाच्या तरी आडून बघावं तसे. मग थांबले. पुढे कोणीच आड नव्हतं. ते सावकाश पाठ टेकून बसले, आणि त्यानंतर समोरच्या काचेवरून त्यांची नजर ढळली नाही.

पंचारीचे काळ, म्हणजे गतीचे टप्पे, एकेक करत बदलले, गती वाढली. शिंगं समोरून नव्हे, दोन्ही खांद्यांवरून मागून आली, कारण माईक मधल्या जागेत, चेंड्यांकडे तोंड करून होते. चेंड्यांच्या रांगेमागे, लांब, झांजा होत्या. वेगळ्या ऐकू येत नव्हत्या. गुरं परतताना मागे सोनेरी धूळ उठते, तसं त्या आवाजाचं एक वलय सगळ्यांच्या डोक्यांवर धरलेलं होतं.

शेखर मारार काचेकडे बघतच बोलले. "मी इतका मागे होतो?"

लतिका मागून पुढे झुकली.

"पुढून हे असं असतं," ते म्हणाले. विचारलं नाही, स्वतःलाच सांगितलं. "प्रमाणीचा डावा हात बघ. डावा हात मी कधी ऐकलाच नव्हता."

मेळम संपायला कितीतरी वेळ लागतो. शेळी आली, गाडीच्या सावलीत बसली, निघून गेली. मेळम संपलं तेव्हा त्यांनी लतिकेला ते पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. घरून आईचे फोन यायला लागले होते.

त्यानंतर ती कामावरून परतायची तेव्हा अच्छन फाटकाशी उभे असायचे. ती उतरायची, ते बसायचे. येणारे जाणारे विचारायचे, मारार, कुठे निघालात? आई ओट्यावरून सांगायची, "लायसन काढतायत. पोलिसांना सांगून ठेवा."

एक दिवस त्यांनी वर्कीकडे न्यायला सांगितलं. ओल्लूरला गेल्यावर त्यांनी दुकान, वायरी, फणसाच्या कड्या सगळं हात लावून बघितलं, आणि मग मुद्द्यावर आले. या उत्सवात माईक झांजांच्या मागे लावायचे.

वर्की हसला. "मारारेट्टा, तिथे लावले तर झांजांच्या दणक्यानं माईक मरतील."

"मी मेलो का?"

"पण तिथून ऐकायचंय कुणाला?"

शेखर मारार यांनी लतिकेकडे बोट केलं.

उत्सवाला ते गेले. गुडघे गेल्यापासून पहिल्यांदाच. वर्कीनं झांजवाल्यांच्या मागे काठी रोवली आणि तिच्या बुंध्याशी प्लास्टिकची खुर्ची टाकून त्यांना बसवलं. गर्दीचा धक्का लागू नये म्हणून मेळम संपेपर्यंत त्यांनी दोन्ही हातांनी ती काठी धरून ठेवली होती.

काही दिवसांनी वर्कीनं ते मेळम लतिकेला दिलं. सकाळी ती एका व्यालेल्या गाईची जार पडली का बघायला निघाली होती. गाय ठीक होती. परतताना कोलच्या पाणथळ भातशेतांमधल्या बांधावर तिनं गाडी थांबवली आणि ते लावलं.

पुढे मैदान नव्हतं, होती माणसांची भिंत. घामानं भिजलेल्या पाठी जणू काचेला येऊन टेकल्या होत्या. आणि दोन्ही कानांशी, इतक्या जवळ की ती खाली वाकली, झांजा. धूळ नव्हे, वलय नव्हे; काशाचं जड, तापलेलं पातं. दर ठोक्याला ते उघडायचं, मिटायचं, आणि मिटताना आपल्यातलाच थोडा आवाज गिळायचं. मध्येच कुणाचा श्वास, टाचा घासल्याचा आवाज, कुणी पुटपुटून मोजत असलेले आकडे. चेंडे होते, पण घोंगडीखाली दाबल्यासारखे. ती कान देऊन प्रमाणीला शोधत राहिली. तो नव्हता. गती वाढत वाढत टोकाला गेली, सगळ्या झांजा एका केसाचंही अंतर न पडता एकदम मिटत होत्या, आणि ज्याच्या इशाऱ्यावर हे चाललं होतं त्याचा एक ठोकाही तिथे पोचत नव्हता.

लतिका स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. शेताच्या पाण्यात बगळे चरत होते. एका गायवाल्याचा फोन येऊन गेला, तिला कळलाही नाही.

ती घरी आली तेव्हा अच्छन ओट्यावर बसले होते. तिनं चपलाही काढल्या नाहीत.

"तुम्हांला पुढचं काहीच ऐकू यायचं नाही."

"नाही."

"मग बरोबर कसे पडायचात?"

ते उठले. भिंतीचा आधार घेत अंगणात आले. तिला पाठमोरं उभं केलं आणि स्वतः चार पावलं मागे गेले. "तू वाजव. हवेतच वाजव. आवाज करू नकोस."

लतिकेला आधी लाज वाटली. आई दारात येऊन उभी राहिली होती. मग तिनं दोन्ही हात कमरेपाशी आणले, काठी धरल्यासारखी बोटं मिटली, आणि बाकावर बडवलेली पंचारी हवेत वाजवायला सुरुवात केली. संथ, एकेक ठोका. मागून टाळी आली, नेमकी ठोक्यावर. पुढची आली, तीही. तिनं मुद्दाम गती वाढवली. टाळी वाढली. मध्येच फसवायला ती थांबली, हात वर धरून, आणि अंगणात काहीच वाजलं नाही. मग तिनं हात खाली आणला आणि हात खाली यायच्या क्षणीच टाळी वाजली, नंतर नव्हे.

तिनं मागे वळून बघितलं. तिच्या हातांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते हाताआधी हलणाऱ्या तिच्या उजव्या खांद्याकडे बघत होते, आणि त्यांचे तळवे अजून एकमेकांसमोर धरलेले होते.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "दुसरा काळ घे."