व्याह्यांच्या माशाचा पाहुणचार

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. आणि हातातला कप खाली ठेवा, कारण मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या शेजाऱ्यांनी चहा स्वतःच्याच शर्टावर सांडला होता.

मी अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. त्यातच केस पांढरे झाले. तर आमच्या बिल्डिंगमध्ये एक मेजरसाहेब राहायचे. देवळालीहून त्यांची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपली काचेची भलीमोठी टाकी मला देऊन टाकली, आतल्या माशासकट. मासा म्हणजे काय, तर राखाडी, जाडजूड, मिशा असलेला, डोळे अगदी एवढेसे. दिवसभर टाकीतल्या पाइपात पडून राहायचा. मी वरून खाणं टाकायचो, तेवढाच आमचा संबंध. पाण्यात हात घालायची वेळच कधी आली नाही.

निघताना मेजरसाहेब म्हणाले, "इसको अकेला रखना. अकेला ही खुश रहता है."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, फौजी माणूस, आयुष्य घरापासून लांब काढलेला, याला सगळेच एकटे खूश दिसणार!

पुढे उन्हाळ्यात आमचे व्याही आले. माझ्या मुलीचे सासरे, अण्णा. पिंपळगाव बसवंतचे द्राक्षांचे व्यापारी, मोठं प्रस्थ. नवराबायको यात्रेला निघाले होते आणि अण्णांच्या मांडीवर काचेच्या बरणीत त्यांचा गोल्डफिश होता. मुलगी-जावई पुण्याला, अण्णांचा धाकटा मुलगा दिवसभर बाहेर, मग त्याला खायला कोण घालणार? "तुमच्यावर लय भरवसा हाय," अण्णा म्हणाले. हा माणूस घरी आला की आधी त्या माशाशी बोलतो, मग बायकोशी, असं आमची मुलगी सांगते.

आता तुम्हीच सांगा, व्याह्यांचा मासा बरणीत ठेवायचा? व्याही मुक्कामाला आले तर आपण त्यांना पलंग देतो आणि स्वतः सतरंजीवर झोपतो. उद्या अण्णांनी विचारलं, कुठं ठेवला होता, तर काय सांगू? ओट्यावर, कुकरच्या शेजारी? मुलीच्या सासरचा मामला हो. माशाला काही कमी पडलं तर बोल माझ्या पोरीला लागणार.

थोडक्यात, मेजरसाहेबांची टाकी!

आमची ही म्हणाली, अनोळखी दोघांना एका घरात ठेवायचं तर आधी नीट चौकशी करा. केली ना मी! अगदी स्थळाची करतात तशी. हा तळाशी राहणार, तो वर फिरणार. हा दिवसा झोपणार, तो रात्री. म्हणजे तोंडाला तोंड लागायचा प्रश्नच नाही. गोल्डफिश चांगला गरगरीत, त्यामुळे गिळला जायचीही भीती नाही. स्वभाव म्हणाल, तर आमच्या माशाने आजवर कुणाला त्रास दिल्याचं ऐकिवात नव्हतं. त्याच्याजवळ आजवर कुणी गेलंच नव्हतं, हा मुद्दा मात्र तेव्हा सुचला नाही.

दुसऱ्याच दिवसापासून गोल्डफिश वरच्या कोपऱ्याला चिकटून बसला. खाईना. मी हिला म्हटलं, नवं घर आहे, बुजलाय, रुळेल हळूहळू.

अण्णा परत यायच्या दिवशी सकाळी बघतो तर मासा पोट वर करून तरंगतोय! त्याला उचलायला मी पाण्यात हात घातला मात्र, बोटांपासून खांद्यापर्यंत असा झटका बसला की मी थेट मागच्या सोफ्यावर.

निदान जागच्या जागी झालं. पंपातून करंट उतरतोय! गोल्डफिश तेवढ्यात कसाबसा सरळ होऊन हलायला लागला होता. ही म्हणाली, प्लास्टिकच्या मगाने त्याला आधी बाहेर काढा. मी म्हटलं, आधी फॉल्ट, मग मासा. यातलं तुला कळतं का मला?

पंपाचा प्लग काढला. हात घातला. झटका! घराचा मेन स्विच पाडला, इन्व्हर्टर बंद केला. झटका! टेस्टर लावला तर तो काहीच दाखवेना. अहो, वीज नसलेल्या घरात वीज! एवढ्या वर्षांच्या नोकरीत असलं काही पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, घाबरलो मी.

मग एकच शक्यता उरली. सगळ्या बिल्डिंगचंच अर्थिंग गेलंय आणि करंट भिंतींतून फिरतोय. खाली गेलो आणि अख्ख्या बिल्डिंगचा मेन पाडला. लिफ्ट बंद, पंखे बंद, भर मे महिना. माणसं जिन्यात जमली. मी पायरीवर उभं राहून सांगितलं, भिंतींना हात लावू नका. बायकांनी पोरांना कडेवर घेऊन पार्किंग गाठलं. एक आजोबा तर चपला घालून जिन्यातच उभे राहिले, भिंतीपासून दोन्हीकडे सारखं अंतर ठेवून. सोसायटीचे चेअरमन माझ्यामागून टाकीपर्यंत आले.

आणि नेमके तेव्हाच अण्णा जिना चढून घामाघूम होऊन दारात उभे. एका हातात प्रसादाची पिशवी. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी बाही सरसावली आणि दुसरा हात लाडक्या माशाकडे पाण्यात घातला.

अण्णा फरशीवर बसले. हळूच. टोपी पडली, पिशवी मात्र सोडली नाही. मुलीचा सासरा माझ्या घरात असा बसलेला पाहून मी घाईघाईने टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

चेअरमन म्हणाले, ज्यांची टाकी त्यांनाच विचारा. मी सगळ्यांसमोर स्पीकरवर मेजरसाहेबांना फोन लावला. या टाकीला कधी करंटचा प्रॉब्लेम होता का?

"टाकी को? अरे भाई, वो इलेक्ट्रिक कैटफिश है. करंट तो मछली मारती है. इसीलिए तो बोला था, अकेला रखना."

सगळ्यांनी आधी पाइपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गावभरचे फॉल्ट शोधणारा माणूस, आणि फॉल्टला रोज दोन वेळा खाऊ घालत होतो!

हिने प्लास्टिकचा मग आणला, गोल्डफिश काढला आणि बरणीत सोडला. अण्णा बरणी छातीशी धरून निघाले. चहासुद्धा घेतला नाही. व्याही चहा न घेता जातात म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी भीत भीत विचारलं, "अण्णा फार चिडलेत का गं?"

"नाही हो पप्पा. मासा खायला लागलाय, तेही बरे आहेत. हसत होते फोनवर."

मी म्हटलं, चला, सुटलो.

"फक्त एक निरोप दिलाय. धाकट्या भाऊजींसाठी मुली बघायला सुरुवात केलीय ना, तर म्हणाले, तुझ्या पप्पांना सांग, कृपा करून एकही स्थळ सुचवू नका."