हरभऱ्याच्या झाडावरचा पिचर

आमच्या चिखलीत बेसबॉल खेळतात असं पुण्याच्या नातेवाइकांना सांगितलं की ते आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे क्रिकेटच ना?" नाही. क्रिकेटचा बॉल टप्पा खातो, हा खात नाही. पिचर तो थेट फेकतो, समोरच्याने तीन वेळा बॅट फिरवून हुकवला की तो बाद. एवढं कळलं की बाकीचं बघता बघता कळतं. मला कळायला लग्नानंतरचे दोन हिवाळे लागले, आणि तेही हौसेने नव्हे. आमचे हे गावच्या संघाचे पिचर. कॉलेजात असताना कुणीतरी त्यांच्या हातात ग्लोव्ह दिला, तो पंचेचाळिशी उलटली तरी उतरला नव्हता. बरोबरच्या मुलांनी खेळाचं प्रमाणपत्र दाखवून नोकऱ्या धरल्या आणि खेळ सोडला. यांनी नोकरी धरली नाही, वावरात भाजीपाला धरला, आणि खेळ काही सोडला नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दिवसभर लहान मुलं सांभाळून घरी यायचं आणि घरी आणखी एक, अशी माझी गत.

गेली दोन वर्षं यांचा उजवा खांदा गेलेला होता. टोमॅटोचं क्रेट उचलायचं तर डावा हात पुढे यायचा. सकाळी शर्टाची उजवी बाही मी चढवून द्यायचे. दुखतं का विचारलं की उत्तर ठरलेलं, "कुठं दुखते? आखडला जरासा." शेवटी बुलढाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आता एक तर बॉल फेका नाहीतर क्रेट उचला. दोन्ही केलंत तर पुढे हा हात जेवणापुरता तरी वर येईल याची खात्री मी देणार नाही. परतीच्या एसटीत हे निम्मा रस्ता खांदा चोळत होते. मग म्हणाले, "बरं. एक मॅच खेळतो अन् सोडतो." मी एसटीतूनच संघाच्या अध्यक्षांना फोन लावला. यांचं मन फिरायच्या आत शाल विकत घेतली जायला हवी होती.

निरोपाचा सामना जानेवारीतल्या रविवारी, कॉलेजच्या मैदानावर ठरला. समोर संग्रामपूरचा संघ. त्यांचा कर्णधार म्हणजे आमच्याच घरचा म्हणावा असा. शिकायला चिखलीला होता तेव्हा आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा, माझ्या हातच्या भाकरी खायचा आणि यांच्याकडून बॉल फेकायला शिकायचा. आता तिकडे शिक्षक आहे, स्वतःच संघ उभा केलाय. यांना भाऊ म्हणतो, मला वहिनी.

सामना सुरू झाला आणि पहिल्या डावात यांनी तिघांना सलग बाद केलं. मैदानाभोवती शिट्ट्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. खांद्याचं विसरून मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या डावात पुन्हा तेच. हे आपले बॉल फेकतायत, समोरचे बॅट फिरवून हुकवतायत. तिसऱ्या डावात मात्र माझ्या टाळ्या थांबल्या.

उत्तर येत असून मुद्दाम चुकवणारं पोर मी वर्गात फळ्यापाशी उभी राहून ओळखते. ते चुकतं तेव्हा त्याचं लक्ष उत्तराकडे नसतं, आपण चुकलो ते बाईंनी पाहिलं का याकडे असतं. संग्रामपूरची मुलं अगदी तशी चुकत होती. बॉल बॅटरच्या मागे बसलेल्या कॅचरच्या हातात जाऊन बसल्यावर त्यांची बॅट फिरायची, आणि बाद झालेला बॅटर मान खाली घालून, हसू दाबत परत जायचा. आमचे हे बिचारे दर बॉलनंतर छाती पुढे काढून उभे. सगळ्या संघाने मिळून त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि ते वर बसून गाव बघत होते.

प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि त्यांना लवकर जायचं होतं, म्हणून सत्कार मधेच, तिसऱ्या डावानंतर उरकायचं ठरलं. शाल झाली, श्रीफळ झालं. पाहुण्यांनी भाषणात यांनी गावासाठी घेतलेल्या असंख्य विकेटांचा गौरव केला. बेसबॉलमध्ये विकेट नसते हे त्यांना सांगायचं धाडस कुणी केलं नाही. मग उत्तरादाखल बोलायला हे उठले. अंगावर शाल, हातात माईक.

"मी तं आज बंद करणार होतो," हे म्हणाले. "पण तुमी पाहूनच राह्यले. हात आज असा चालून राह्यला, का मले स्वतःले नवल वाटून राह्यलं. तवा सत्कार तं घेतो तुमचा, पण खेळणं काही सोडत नाही. पुढच्या वर्षी बी आपणच."

टाळ्यांचा नुसता कडकडाट. अध्यक्षांनी टाळ्या वाजवता वाजवता शालीकडे पाहिलं. मी मात्र कपाळाला हात लावला. वर्षभर डॉक्टर, तेल, शेक, विनवण्या करून जे जमवलं होतं, ते या भल्या मुलांनी तीन डावांत धुऊन टाकलं. चांगलं करायला गेली आणि माझ्या नवऱ्याचा हात घालवायला निघाली.

चहा-चिवड्याच्या टेबलापाशी मी कर्णधाराला गाठलं आणि बाजूला घेतलं.

"काऊन रे, मुद्दाम चुकून राह्यले ना तुमी?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, भाऊचा शेवटचा सामना होता. पोरायले म्हटलं, भाऊले खुशीत पाठवू."

"पाठवून राह्यला कुठं? ते तं जाऊनच नाही राह्यले आता. ऐकलं ना माईकवर?"

"ऐकलं," तो म्हणाला. "हे तं उलटंच झालं."

"डॉक्टर म्हणते हात जाईन. आता खरं खेळा. त्यायनंच शिकवलं तुले, तसं खेळ."

"मारू म्हणता?"

"मार."

"वहिनी, तुमीच म्हणून राह्यल्या हां."

"हाव, मीच म्हणून राह्यली."

सांगून आले खरी, पण काय करून आले ते खुर्चीवर बसल्यावर कळलं. स्वतःच्या नवऱ्याला बदडायला मी माणसं लावून आले होते, तेही त्याच्या सत्काराच्या दिवशी. पुन्हा उठून नको म्हणावं असं दोनदा वाटलं. तेवढ्यात चौथा डाव सुरू झाला.

कर्णधारच पहिला आला आणि त्याने असा टोला हाणला की बॉल शोधायला दोघं कुंपणापलीकडे गेले. हे बॉलकडे पाहत राहिले. दुसऱ्याने मारला तेव्हा यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तिसऱ्याने मारला तेव्हा संग्रामपूरच्या बाकाकडे पाहिलं. तिथे आता कुणी हसू दाबत नव्हतं. आणि मग यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

पुढचे डाव मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पहिल्या तीन डावांत जमलेली आमची डोंगराएवढी आघाडी वितळत चालली होती. कॅचर, यांचा लहानपणापासूनचा दोस्त, दोनदा जवळ येऊन कानात काही बोलून गेला. बस आता, दुसऱ्याला दे, असंच म्हणाला असणार. दोन्ही वेळा यांनी मान हलवली. आता छाती पुढे नव्हती. ओठ घट्ट मिटून, एकेक बॉल विचार करून टाकत होते. मार खात होते, मधूनच एखाद्याला बाद करत होते. खरं सांगते, इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं चांगलं खेळताना पाहिलं नव्हतं.

शेवटच्या डावात दोघे बाद झाले तेव्हा आम्ही फक्त एका रनने पुढे होतो, आणि त्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर, पळत येऊन रन पुरी करायच्या बेतात उभा होता. बॅटर म्हणजे कॉलेजातला दांडगा मुलगा, याआधी दोनदा यांना धुतलेला. पहिला बॉल त्याने हुकवला. दुसरा बॅटला घासून बाहेर गेला, तोही हुकल्यातच धरतात. तिसऱ्यासाठी यांनी हात सगळ्या ताकदीनिशी फिरवला, पण बॉल आला सावकाश, रमतगमत. मुलाची बॅट केव्हाच फिरून गेली होती. तिसरा गडी बाद, सामना आमचा.

त्याने बॅट जमिनीवर आपटली. हेल्मेट काढून भिरकावलं. कर्णधार त्याच्यावर ओरडला, तर तो त्याच्यावरच उलटून ओरडला. हे सगळं मी पाहिलं. यांना ते दिसलं नाही, कारण तोवर आमच्या लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मैदानाच्या मध्यावर नेलं होतं. उजव्या हाताला धरू नका म्हणून मी बोंबलत होते, कुणी ऐकलं नाही.

घरी निघालो. स्कूटी माझी, पण दोघं असलो की चालवणार हेच. गावाबाहेर पेट्रोल पंपाच्या पुढे यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"तूच सांगतलं ना त्यायले?" मागे न बघता विचारलं.

"हाव."

"म्हणजे पहिले तीन डाव खोटे."

"हाव."

बाजूने उसाचा एक ट्रॅक्टर गेला. तो लांब जाईपर्यंत हे त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता चिडतील, आणि चिडले तर ऐकून घ्यायचं मी ठरवलं होतं.

"आन् तो शेवटचा?"

सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या होत्या, पण आता त्यातल्या कुणालाही हे विचारणार नव्हते. ज्या बाईने त्यांचा आनंद मोडला, तिच्याच शब्दावर त्यांना विसंबायचं होतं.

"खरा होता," मी म्हणाले. "पोट्ट्यानं बॅट आपटली. हेल्मेट फेकलं. कप्तानाच्या अंगावर गेला."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी मान डोलावली. मग उतरले आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"तू चालव," हे म्हणाले. "लय दुखून राह्यलं वं."