एकशे चौदा नंबरची गाडी

मोटार चालवून कुठेही न पोहोचणारा आणि तरीही इतका खूश असणारा माणूस आमच्या घरमालकांखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. बोनकोड्यात त्यांच्या घरामागच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. तेव्हा नवी मुंबई बरीचशी नकाशातच होती. रस्ते आधी आले होते आणि माणसं यायची होती, त्यामुळे डांबर म्हशी वापरत. खोली शोधत मी चार दारं हिंडलो होतो आणि चारही ठिकाणी आधी गाव, मग आडनाव विचारून झालं होतं. या गृहस्थांनी दारात उभं राहून एवढंच विचारलं, "इंग्लिस वाचाला येतं का?" येतं म्हणताच त्यांनी किल्ली हातात दिली आणि पाठोपाठ एक चुरगळलेलं मासिक.

मासिक अमेरिकेचं होतं. नव्या शहरासाठी जमीन सरकारने घेतल्यावर मालकांना ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी मिळाली होती. तिथे परदेशी यंत्रांच्या खोक्यांत भरताड म्हणून असली मासिकं कोंबलेली येत. त्या पानावर दात विचकून हसणारा एक गोरा होता. मी वाचून सांगितलं, की हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आता अमेरिकेत जाऊन मोटारींच्या शर्यतीत नाव काढतोय. गाड्या दिसायला रस्त्यावरच्यासारख्याच, पण धावतात गोल मैदानात, डावीकडे वळत, शेकडो फेऱ्या.

"जातान कुटं?"

"कुठेच नाही. निघाले तिथेच परत येतात."

मालकांचा चेहरा उजळला. "मंग बरा हाय. आमचा बाप पन तेच करी."

त्याचं कारण मला पुढे कळलं. त्यांचे वडील रोज सकाळी "बांध बगून येतंव" म्हणून निघत आणि आपल्या भातशेताला एक फेरी मारून येत. आता शेतावर नुसतं गवत होतं आणि बांधांच्या जागी चारी बाजूंनी नवा रस्ता. मालकांनी एक मोडीत निघालेली टॅक्सी विकत घेतली होती. तिचं मागचं दार सुतळीने बांधलेलं असे, आणि ती सुरू करायला आळीतली सहा माणसं धक्क्याला लागत. ऑस्ट्रेलियनाच्या गाडीच्या दारावर मोठा आकडा होता, म्हणून यांनीही पांढऱ्या रंगात आकडा काढला, ११४. मी विचारलं, हाच का? म्हणाले, "गारीला नंबर लागतो ना? त्याचा त्याला, माजा माना." एकशे चौदा हा त्यांच्या शेताचा सर्व्हे नंबर होता.

तेव्हापासून रोज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी "बांध बगून येतंव" म्हणून मालक गाडीत बसत आणि त्या गवताला अकरा फेऱ्या मारत. वेग म्हशीला सावकाश बाजूला होता येईल इतका, पण आविर्भाव असा की बघणाऱ्याने हातातली पिशवी घट्ट धरावी. शर्यतीत गाडी मधेच थांबवायची नाही हा नियम त्यांनी मासिकातून उचलला होता, आणि तेलपाण्यापुरतं थांबलं तरी ते क्षणभरच, हाही. त्यासाठी कोपऱ्यावरच्या चिंचेखाली मामी, म्हणजे मालकीणबाई, चहाचा पेला धरून उभ्या राहत आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून तो आत द्यायचा असे. महिनाभर मालकांचे सदरे चहाने रंगले. शेवटी मामींनी जाहीर केलं, "थांबाचा असंल तं थांबा, नायतं चाय मीच पिते." दुसऱ्या दिवसापासून गाडी चिंचेखाली थांबू लागली. मामींची दुसरी तक्रार धार्मिक होती. देवाला उजवी घालतात, तुम्ही शेताला डावी घालता, हे काही बरं नाही. म्हणून दसऱ्याच्या दिवशी तेवढी एक फेरी उलट्या दिशेने होई. त्या फेरीला समोरून एसटी आली, की ड्रायव्हर दसऱ्याला शोभणार नाही असं काहीतरी बोलून जाई.

मासिकं येत ती वाट्टेल त्या क्रमाने. त्यामुळे आमचा ऑस्ट्रेलियन एका महिन्यात नावाजलेला असे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा नवखा. मालकांना त्याचं काही वाटत नसे. एकदा तो अकरावा आला होता. मला वाईट वाटलं आणि मी तिसरा म्हणून सांगून टाकलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "मास्तर, खरा वाच." मी कारकून होतो, पण वाचणारा तो मास्तर, असा त्यांचा हिशेब. अकरावा म्हणताच त्यांनी विचारलं, "किती जन व्हते?" चाळीस. "मंग एकोनतीस गाववाले त्याच्या मागं व्हते ना!" आणि त्या आनंदात मामींना पापलेट तळायला लावले. परक्या मुलखात जाऊन तिथल्यांत जागा करून घेणारा माणूस त्यांना फार जवळचा वाटे. म्हणत, "त्यो परमुलखान गेला. माना जावा नाय लागला. मुलूखच परका होऊन दारान आला."

हसत म्हणत, म्हणून मीही हसत असे.

मग एका वर्षी गवतात पाया खणायला सुरुवात झाली. मालकांच्या फेऱ्या चालूच होत्या. इमारत पुरी होत आली, त्याच सुमारास माझं नशीब उघडलं. घरासाठी अर्ज केला होता, सोडतीत नाव निघालं. पत्र घेऊन जागा बघायला गेलो, तर समोर चिंचेचं झाड. पत्र खिशात कोंबून परत आलो आणि आठ दिवस मालकांची नजर चुकवत राहिलो. ज्या माणसाने आडनाव न विचारता किल्ली दिली, त्याच्याच शेतावर मी बिऱ्हाड थाटणार होतो. आणि हे त्यांना सांगायचं कोणत्या तोंडाने? घर नाकारावं असंही एकदा मनात आलं, पण म्हातारी आई गावाहून कधी बोलावतोस म्हणून वाट बघत होती.

नवव्या दिवशी मालक गाडी पुसत होते. मी म्हटलं, "मालक, मला घर लागलंय."

"अरे वा! कुटं?"

मी दारावरच्या ११४ वर बोट ठेवलं.

माझा हात बाजूला करून मालकांनी आकडा फडक्याने पुन्हा एकदा पुसला. "कितवा माला?"

"तिसरा."

"तिसरा," ते म्हणाले आणि आत निघून गेले. त्या दिवशी फेऱ्या झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मामींनी चिंचेपर्यंत नेलेला चहा तसाच परत आणला. मी मनाशी ठरवलं, की सामान हातगाडीवरून न्यायचं आणि किल्ली मामींच्या हातात देऊन निघायचं.

पण निघायच्या सकाळी बघतो तर गाडी माझ्या खोलीसमोर उभी. मालकांनी माझी ट्रंक टपावर बांधली, आदल्या दिवशीच गावाहून आलेल्या माझ्या आईला मागे स्टोव्हसकट बसवलं आणि सहा जणांचा धक्का घेऊन निघाले. इमारत आली, तरी गाडी थांबली नाही. आई घाबरून विचारू लागली, "अरे, घर मागं गेलं ना?" एक फेरी झाली, दुसरी झाली. अकरा पूर्ण झाल्यावरच गाडी दारात थांबली. मालक उतरले, आईला हात देऊन उतरवलं, आणि मान वर करून त्यांनी तिसरा मजला शोधून काढला.

"मास्तर," ते म्हणाले, "एकशे चवदान अवंदा पीक बरा आलाय."

आईला काही कळलं नाही. मी ट्रंक सोडवायच्या निमित्ताने टपाकडे तोंड वळवलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं गाडी रोज सकाळी खालून जाई, आणि तिसऱ्या मजल्यावरून माझी आई दोरीला बांधलेल्या टोपलीतून चहा सोडी. मामींनी ते काम रीतसर तिच्याकडे सोपवलं होतं. आता आई नाही, मालक नाहीत, गाडी तर केव्हाच भंगारात गेली. त्या ऑस्ट्रेलियनाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. कुठे असेल तिथे तो सुखी असो.

मी निवृत्त झालो. सकाळी इमारतीभोवती अकरा फेऱ्या मारतो, डावीकडे वळत. सोसायटीचे बाकीचे लोक उजवीकडून फिरतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत सगळे समोरून येऊन धडकतात. परवा नवा वॉचमन म्हणाला, "काका, तुमी रोज उलटे का फिरता?"

"बांध बघतोय," मी म्हटलं.