दादांच्या गेंड्याला मी लावलेली टाकी

हे मी घरातसुद्धा कधी बोललो नाही. बोरीच्या माळावरच्या त्या कातळचित्रावर टाकी, म्हणजे दगड टोचायची छिन्नी, मी चालवली, आणि दोष गणपतदादांच्या माथी गेला. मागच्या महिन्यात वर्ग चालू असताना त्यांचा मुलगा विठ्ठल शाळेच्या दारात आला. ‘दादा गेले, मास्तर,’ एवढंच म्हणाला... आणि रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

हैद्राबाद संस्थान विलीन झाल्यावर दोन-तीन वर्षांनी मी बोरीत मास्तर म्हणून आलो. दादा चौथी शिकलेले शेतकरी. एका रविवारी त्यांनी मला माळावर नेलं. काळ्या कातळावर पुसट रेघा होत्या, ऊन कललं की दिसायच्या. जाडजूड अंग, नाकावर एकच शिंग. माझ्याच पुस्तकातल्या चित्रावरून त्यांनी तो ओळखला होता. ‘गेंडा हाय हा. गेंड्याला चिखल लागतो, माणूसभर गवत लागतं. म्हंजे हितं पानी व्हतं मास्तर, लय पानी!’ भोवती नुसता मुरूम आणि तरवडाची झुडपं. दादा मात्र दलदल कुठवर असेल ते हातानं दाखवत होते.

त्यांच्या सांगण्यावरून मी अर्ज लिहिला. जुन्या अवशेषांच्या खात्याचे एक साहेब हैद्राबादहून यायचं ठरलं. मी पाथरवटाचा मुलगा. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावायची, हे लहानपणापासून हातात बसलेलं. साहेबांना रेघा दिसल्याच नाहीत तर... म्हणून आदल्या दिवशी एकटाच गेलो आणि त्या टोचून ठसठशीत केल्या.

साहेबांनी रेघेवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. ‘ये तो कल का काम है,’ ते म्हणाले. मग दादांकडे वळून, ‘क्यों पाटील, गेंडा बैठा था क्या सामने?’ जमलेले गावकरी हसले. त्यात मीही हसलो.

परतताना दादांनी हळूच विचारलं, ‘टाकी वडिलांची न्हवं का तुमच्या?’ मी मान खाली घातली. ‘गप ऱ्हा तुमी. नौकरी नवी हाय.’

मी गप्प राहिलो, ते आजवर. बाजारात लोक विचारायचे, ‘काय दादा, गेंड्याला वैरण टाकली का?’ दादा कसनुसं हसायचे. अशा वेळी माझ्याकडे बघायचं ते टाळत... मी अवघडू नये म्हणून.

परवा कातळापाशी जाऊन आलो. माझे घाव मळलेत, पण त्यांच्याखालची जुनी रेघ कुठली, ते आता मलाही सांगता येत नाही. ती परत येणार नाही. गणपतदादा खोटं बोलले नव्हते. चित्र जुनं होतं, टाकी माझी होती. बोरीच्या चावडीत, विठ्ठलसमोर उभं राहून हे सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.