काशिनाथकाकांचा काळा घाट

काशिनाथकाका कुठंही गेले की आधी तिथल्या लाकडावरून तळहात फिरवायचे. शाळेतलं माझं टेबल असो, कुणाच्या लग्नातला पाट असो, डोळे मिटून हात फिरवायचा आणि निकाल द्यायचा, "इथं घाई केलीय, बाई." माळशेज घाटाच्या पायथ्याशी वैशाखरे गावाच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा ते माझे शेजारी होते. उभा जन्म लाकडाला पॉलिश करण्यात गेलेला.

मुंबईतल्या एका फर्निचरवाल्यानं त्यांना दोन वर्षं व्हिएतनामला, हनोईजवळच्या कारखान्यात पाठवलं होतं. कारखान्यामागे लान नावाची एक म्हातारी राहायची. ती रंगांऐवजी झाडाच्या चिकानं चित्रं करायची. फळीवर चिकाचे थर चढवायचे, त्यात अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि चांदीचा वर्ख बसवायचा, मग सगळ्यावर पुन्हा चीक चढवून चित्र पार बुजवून टाकायचं. आणि शेवटी पाणी घालत, पॉलिशपेपरनं घासत ते बाहेर काढायचं. तिच्या फळ्यांवर नेहमी धुक्यातले डोंगर, केळीची बनं, भाताची खाचरं. "मला वाटलं, म्हातारी आमचा माळशेजच काढते," काका सांगायचे. "मंग मीच का नाय काढू?"

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. जास्त जोरात घासलं की ती त्यांच्या मनगटावर चापट मारायची. तेवढ्यावर काका शिकले.

निवृत्त होऊन गावी आले ते चिकाचे दोन डबे घेऊनच. त्या चिकानं हातभर पुरळ उठायचं. "बिब्याचा भाऊच हाय ह्यो," म्हणत ते खोबरेल चोळायचे आणि पुन्हा कामाला बसायचे. एरवी पावसाळा म्हणजे पॉलिशवाल्याचा वैरी. हा चीक मात्र दमट हवेतच नीट वाळतो. आषाढात भिंतींना ओल आली की यमुनाकाकू, म्हणजे काकांची बायको, वैतागायच्या आणि काका खूश.

शाळेच्या सभागृहासाठी त्यांनी पुरुषभर उंचीची फळी घेतली आणि माळशेज घाट काढायला सुरुवात केली. धबधब्यांसाठी अंड्याची कवचं हवी होती. शाळेत मुलांना अंडी मिळायची त्या दिवशी मुलं कवचं रुमालात बांधून त्यांच्या ओटीवर नेऊन द्यायची. आमचे मुख्याध्यापक अंडं खात नसत; तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कवचं मागून आणू लागले. वर्षभर काका बसवत राहिले. मग एके दिवशी सगळं चित्र त्यांनी तपकिरी-काळ्या थराखाली गाडून टाकलं. लोक बघायला यायचे आणि काळी फळी बघून परत जायचे. "आत हाय," काका सांगायचे. "दमानं."

घासायला घेणार, त्याच्या आदल्या दिवशी ते विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिन्याचं प्लास्टर. तोवर वरचा थर दगड झाला असता. दोन्ही डबे संपले होते, त्यामुळे चुकलं तर दुसरी फळी करायची सोय नव्हती. काका दोन दिवस काळ्या फळीवरून नुसता डावा तळहात फिरवत बसले. तिसऱ्या दिवशी यमुनाकाकू पदर खोचून फळीसमोर बसल्या.

"अवो, सांगा कसं करू ते."

"तुला नाय जमायचं गो. जास्त घासलंस तर खालचं लाकूड दिसंल."

"घर सारवते ते काय डोळ्यांनी सारवते? सांगा."

आठ दिवस त्या घासत होत्या. मी शाळा सुटली की पाणी ओतायला जायचे. आधी वर्ख चमकला, मग एक धबधबा उतरला, मग पायथ्याची खाचरं. काका बाजूला बसून उगाच हवेत हात हलवायचे. वरच्या कड्यांपाशी पोचल्यावर काकूंनी पॉलिशपेपर खाली ठेवला.

"अजून घास," काका म्हणाले. "वर चांदी हाय. पूर्ण कडा काढलाय मी."

"असूंद्या. घाट असाच दिसतो. वर ढग असतात ना."

काका उठून मागं गेले. बराच वेळ बघत राहिले. काळपट धुक्यातून कड्याची नुसती एक कोर चमकत होती. त्यांचे डोळे भरून आले आणि ते हसायला लागले. "म्हातारीनं आज मलाच चापट मारली असती," एवढंच म्हणाले.

माझी शहापूरला बदली झाली, त्या निरोपाच्या दिवशीच चित्र सभागृहात लागलं. मुरबाडहून आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "चित्रकार कोण?"

काकांनी आपल्या डाव्या हातानं काकूंना पुढं ढकललं. "काढलं मी, साहेब. पन दिसलं हिला."

काकू लाजल्या नाहीत. "फोटो काढायचा तर लवकर काढा," त्या म्हणाल्या, "गुरांना पाणी दाखवायचंय." आणि चित्रापुढं काकांच्या शेजारी ताठ उभ्या राहिल्या.